दोखम्यावरील जाळी

हजीऱ्याच्या किनाऱ्यावर आज खत, वायू आणि पोलाद यांच्या कारखान्यांची धुराडी उभी असली, तरी शेजारच्या सुवालीच्या खाडीमुखाशी टोपीकरांची जहाजे नांगर टाकीत, त्या काळी सुरतेत इंग्रज कंपनीची दलाली रुस्तम माणेक या पारशाकडे होती. पुढे १७३६ मध्ये लवजी वाडिया जहाजबांधणीसाठी मुंबईस गेले, लक्ष्मीही हळूहळू त्याच वाटेने गेली, आणि सुरतेत जुन्या दप्तरांची व दोखम्याची निगराणी करीत राहिली ती पारसी पंचायत.

दोखमा म्हणजे उघड्या माथ्याचा दगडी गोल. त्यात बाहेरचे वर्तुळ पुरुषांचे, मधले स्त्रियांचे, आतले बालकांचे, आणि केंद्रस्थानी अस्थींचा भंडार. पृथ्वी, अग्नी आणि जल मृतस्पर्शाने विटाळू नयेत, या श्रद्धेने देह सूर्याच्या व गिधाडांच्या स्वाधीन केला जाई. परक्यांना हा विधी बीभत्स वाटे. कालांतराने घरच्या काही जणांनाही तो वाटू लागला, आणि मुंबईत वरळीला २०१५ मध्ये दहन पसंत करणाऱ्या पारशांसाठी प्रार्थनागृह उघडले. तथापि विधीवर खरा घाव घातला तो गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने. २००६ मध्ये त्याच्या पशुवापरावर बंदी आली, तोवर अशा गुरांची मढी खाऊन गिधाडांचे थवे संपत आले होते. मुंबईच्या डुंगरवाडीत सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवावी लागली.

मग करोना आला, आणि मृतदेहास दहन किंवा दफन याखेरीज तिसरी वाट नाही, असा सरकारी दंडक निघाला. सुरतेच्या पंचायतीने गुजरात उच्च न्यायालयात दाद मागितली. जुलै २०२१ मध्ये ती नामंजूर झाली. सर्वोच्च न्यायालयात तिची कैफियत स्वतः पारशी असलेल्या फली नरिमन यांनी मांडली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये उभयपक्षी ठरलेल्या मसुद्यास मान्यता मिळाली: देह दोखम्यातच ठेवावा, मात्र पक्षी शिरू नयेत म्हणून माथ्यावर धातूची जाळी बसवावी.

हट्टी म्हणून जिची संभावना करण्याची आपल्याला सवय जडली आहे, त्या संस्थेने येथे पक्ष्यांवरचा दावा सोडला आणि माती व अग्नी यांच्या पावित्र्यावरचा राखला. आपल्या रूढीचा प्राण कशात आहे, याची इतकी स्वच्छ रुजुवात आपल्यापैकी किती धर्मसंस्थांनी केली असेल, याविषयी मला शंका आहे. २०११ च्या जनगणनेत देशभर ५७,२६४ पारशी मोजले गेले; जाळीबाहेर घिरट्या घालण्यास गिधाडे मात्र उरलीच नव्हती.