दोरी सुटल्यावर

दुपारचा दीड. एप्रिलचं ऊन व्हरांड्यात निम्म्यापर्यंत आलंय. तालुक्याच्या गावातलं कॉलेज, एफ.वाय. बी.एस्सी.ची फिजिक्सची प्रॅक्टिकल परीक्षा. दुसरी बॅच लॅबच्या दाराशी रांगेत उभी आहे. प्रत्येकाच्या हातात जर्नल. पहिल्या पानावर सही आहे ना, हे पुन्हा पुन्हा उघडून पाहणं चाललंय. भिंतीला पाठ टेकून एक मुलगा पुटपुटतोय : टॉर्क इज इक्वल टू आय अल्फा. बलआघूर्ण म्हणजे जडत्व आघूर्ण गुणिले कोनीय त्वरण. बारावीच्या पुस्तकातल्या पहिल्याच प्रकरणातलं हे सूत्र रांगेतल्या सगळ्यांना पाठ आहे.

मामा दार उघडतात. टेबलावर घडी घातलेल्या चिठ्ठ्या. एकेकानं उचलायची, जे येईल ते करायचं. व्हर्नियर आलेला हसतो. ‘फ्लायव्हील’ आलेली मुलगी चिठ्ठी दोनदा वाचते.

आत उकडतंय. पंखे बंद आहेत, कारण कोपऱ्यात बारीक तारेला टांगलेली तबकडी वाऱ्यानं हलते. खिडक्यांना काळे पडदे. ग्रीसचा आणि जुन्या सागवानी टेबलांचा वास. कपाळावरचा घाम वहीवर पडू नये म्हणून एकानं रुमाल डोक्याला बांधलाय. प्रकाशाचे प्रयोग मांडलेली टेबलं ओलांडून मी भिंतीपाशी जातो. तिथं लोखंडी ब्रॅकेटवर ते चाक बसवलंय. १० किलोचं बिडाचं चाक, त्रिज्या १२ सेंटीमीटर. कडेला खडूची एक रेघ. मधून आरपार गेलेला आस मात्र बारीक, अडीच सेंटीमीटर जाडीचा.

मुलगी आधी आसाची जाडी मोजते. मग दोरीचा फास आसावरच्या खुंटीत अडकवते आणि चाक उलटं फिरवत दोरी गुंडाळते. एकावर एक वेढा चढता कामा नये. शेजारी शेजारी, आठ वेढे. खाली हँगर, त्याला अर्ध्या किलोचं वजन. ती एका हातानं चाक धरते, दुसऱ्या हातात स्टॉपवॉच. आणि चाक सोडते.

काहीच होत नाही, असं क्षणभर वाटतं. मग खडूची रेघ हलते. पहिला फेरा तर अगदी रेंगाळत होतो. दुसरा जरा लवकर. वजन इंचाइंचानं उतरतंय आणि रेघ दर फेऱ्याला आधीपेक्षा लवकर वर येतेय. कोनीय त्वरण कागदावर अल्फा असतं. इथं ते डोळ्यांना दिसतं. सहा, सात, आठ. वजन जमिनीवर टेकतं, फास खुंटीवरून निसटतो. ११.७ सेकंद.

वजन उतरलं ६३ सेंटीमीटर. एवढं अंतर ते मोकळं पडलं असतं तर अर्धा सेकंदही लागला नसता.

आता चाक एकटंच फिरतंय. ओढणारं कुणी नाही. मुलीचे ओठ हलताहेत : अकरा, बारा, तेरा. मागच्या टेबलावर कुणाचं तरी वजन खाली पडतं, सगळे वळून पाहतात, ती पाहत नाही. चाळीसनंतर रेघ दमल्यासारखी वर चढते. पन्नासाव्या फेऱ्याला चाक थांबतं. ७३ सेकंद.

या ७३ सेकंदांकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. जर्नलमध्ये ‘घर्षणामुळे येणारी त्रुटी’ असं एक वाक्य लिहून मुलं पुढं जातात. मला मात्र हा प्रयोगाचा गाभा वाटतो. वजनानं लावलेलं बलआघूर्ण आहे ०.०६१ न्यूटन-मीटर. बेअरिंगचं घर्षण उलट दिशेनं ०.००८ लावतंय. चाकाच्या वाट्याला येतं ते उरलेलं. कोनीय त्वरण पडतं ०.७३ रेडियन प्रति सेकंद वर्ग.

ती हँगरवर आणखी अर्धा किलो चढवते. पुन्हा आठ वेढे. या वेळी ८ सेकंदांत दोरी सुटते. त्वरण १.५७. वजन दुप्पट, पण त्वरण दुपटीहून जास्त! घर्षण आपला वाटा साधारण तेवढाच घेतं, वजनाबरोबर दुप्पट होत नाही. म्हणून वाढ सगळी चाकाला मिळते.

जडत्व आघूर्ण ०.०७२ च्या आसपास यायला हवं, हे सकाळच्या बॅचकडून आधीच फुटलेलं असतं. काही जण उत्तरापासून उलटे मोजत रीडिंग तयार करतात. पाहून वाईट वाटतं. शेजारच्या ब्रॅकेटवरच्या मुलाच्या तक्त्यात ०.७३ च्या खाली १.४६ लिहिलंय. नेमकं दुप्पट. दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या एक्स्टर्नल मॅडम त्या आकड्याखाली पेन्सिलनं रेघ मारतात.

“हे परत करून दाखव बरं.”

मुलगा मान खाली घालून दोरी गुंडाळायला लागतो.

मॅडम मुलीकडे वळतात. “दोरी आसावर का गुंडाळली? चाकाच्या कडेला का नाही?”

ती थांबते. “मॅडम, जात्याचा खुंटा कडेला असतो, म्हणून ते कमी जोरात फिरतं. तसं इथं टॉर्क खूप वाढेल.”

“वाढू दे की. चांगलंच आहे.”

मुलगी चाकाकडे पाहते. बोटानं कड मोजल्यासारखं करते. घेर साधारण ७५ सेंटीमीटर, वजनाला उतरायला जागा ६३. “एक फेरासुद्धा पुरा होणार नाही मॅडम. सेकंदभरात वजन खाली. मोजणार काय?”

मॅडम काही बोलत नाहीत. उत्तरपत्रिकेवर गुण लिहितात आणि सही करतात. बारीक आस हवा तो याचसाठी : बलआघूर्ण इतकं थोडं की जड चाक सावकाश वेग घेईल आणि माणसाला मोजता येईल.

अडीच वाजलेत. पलीकडच्या मुलाचं चाक सुटलंय. मामा घागरीतलं पाणी पेल्यात ओतून टेबलाटेबलावर देताहेत. व्हरांड्यात तिसरी बॅच जमू लागलीय.

तुमच्या घरातलं कुणी अकरावी-बारावीला किंवा बी.एस्सी.ला असेल, तर प्रॅक्टिकलहून आल्यावर किती गुण मिळतील हे नंतर विचारा. आधी विचारा, दोरी सुटल्यावर चाक किती फेरे फिरलं?