वेणीचा हिशेब

नेरे येथील महिला मंडळाच्या बैठकीत एका ताईंनी मुलीची तक्रार मांडली. मुलगी पनवेलला कॉलेजात जाते. वर्षभरात तिची वेणी निम्मी झाली. जाहिराती पाहून तेलाच्या तीन बाटल्या आणल्या, सातशे रुपये गेले. मी पडलो कारकून. खर्च ऐकून गप्प बसवले नाही.

भगिनींनो, आपल्या आया रविवारी ओट्यावर बसवून डोक्याला तेल चोळत. ती सवय चांगलीच होती. जपानमध्ये नऊ पुरुषांनी २४ आठवडे रोज चार मिनिटे डोक्याला मालिश केली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात केसांची जाडी किंचित वाढलेली दिसली. संख्या मात्र वाढली नाही. माणसे थोडी, म्हणून फार मोठी आशा धरू नये.

तेल साधे खोबरेल पुरे. ते केसांतील प्रथिनांची झीज कमी करते, असे मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांना २००३ साली आढळले. कंपनी स्वतः खोबरेल विकते, हेही ध्यानात असू द्यावे.

मालिश अशी करावी: दोन चमचे तेल कोमट करून बोटांच्या टोकांनी, नखे न लावता, कातडी हलेल असे हळूहळू चोळावे. केसांवर केस घासू नयेत. तासाभराने डोके धुवावे. कोंडा असेल तर तेल रात्रभर ठेवू नये.

रोज पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. बाळंतपणानंतर तीनेक महिन्यांनी जास्त गळतात आणि पुढे बहुधा भरून येतात. पण वेणीच बारीक होत असेल, थकवा असेल, पाळीत अंगावरून जास्त जात असेल, तर आधी रक्त तपासावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले.

आम्ही त्या मुलीला सरकारी आरोग्य केंद्रात नेले. हिमोग्लोबिन साडेआठ निघाले; ते बारा तरी हवे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळीबरोबर चहा नको, लिंबू चालेल, असे सांगितले. घरात सुकट, हळीव आणि पालेभाजी वाढली. घरात सर्वांना वाढून उरलेले ती खात होती, हेही तेव्हाच कळले.

मालिश आईच्या हातून जरूर व्हावी. पण केसांचे खरे खत ताटात असते. मुलीचे ताट आधी वाढा.