मेंदूची राखण

यंत्रमागावर ताण्यातील एखादे सूत तुटले, तर माग थांबवितात, गाठ मारतात आणि कापड पुन्हा पुढे सरकू लागते. सुरतेच्या दक्षिण अंगास वसलेल्या उधन्यात ही क्रिया एका दिवसात किती वेळा होत असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही. खानदेशातून तेथे जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांना तर ती अंगवळणीच पडलेली आहे. परंतु त्या मागापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या कवटीत जे सूत आहे, ते तुटले असता गाठ मारण्याची विद्या अद्याप कोणास साधलेली नाही. त्वचेचा व्रण भरून येतो, मोडलेले हाड सांधते. मेलेली मज्जापेशी मात्र बहुतांशी परत उगवत नाही. यास्तव मेंदूच्या बाबतीत वैद्यकाला दुरुस्तीपेक्षा राखणीचाच विचार अधिक करावा लागतो. आणि नवलाची गोष्ट अशी की, हा विचार चिकाटीने करणाऱ्यांत मेंदूचे शल्यविशारद आघाडीवर होते. ज्याच्या हाती चाकू आहे त्यालाच चाकू कोठे थांबतो हे प्रथम कळावे, यात कदाचित नवल नसेलही.

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन साधारण १४०० ग्रॅम, म्हणजे देहाच्या वजनाचा जेमतेम पन्नासावा हिस्सा. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे पंचमांश हा एकटा अवयव घेतो. शिवाय संचय करून ठेवण्याची सोय त्याच्यापाशी नाही. हातावर पोट असलेल्या मजुराप्रमाणे त्याचा सारा व्यवहार रोजच्या, किंबहुना क्षणाच्या मिळकतीवर चालतो. रक्ताचा पुरवठा संपूर्ण थांबला तर सुमारे दहा सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत कायमची हानी सुरू होते. घडणीने म्हणावा तर तो खरवसाइतका मऊ. निसर्गाने त्याला हाडाच्या पेटीत, पाण्यासारख्या द्रवात तरंगत ठेवले आहे. चालणाऱ्या, धावणाऱ्या, क्वचित झाडावरून पडणाऱ्या प्राण्याला ही व्यवस्था पुरेशी होती. ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगाने डांबरी रस्त्यावर आदळण्याची कल्पना तीत धरलेली नव्हती.

ती उणीव भरून काढण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न एका मृत्यूतून सुरू झाला. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात एक मनुष्य मोटारसायकलवरून चालला होता. समोर सायकलवर असलेल्या दोन मुलांना वाचविण्यासाठी त्याने गाडी वळविली आणि तो रस्त्यावर फेकला गेला. हा मनुष्य म्हणजे पहिल्या महायुद्धात ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स. सहा दिवस बेशुद्धीत काढून १९ मे रोजी तो मरण पावला. त्याला पाहण्यास बोलाविलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे ऑस्ट्रेलियात जन्मलेले शल्यविशारद होते. अमेरिकेत हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली मेंदूच्या शस्त्रक्रियेचे शिक्षण घेऊन ते परतले होते आणि त्या काळच्या इंग्लंडात त्यांच्या तोडीचा हात क्वचितच होता. तरीही करण्यासारखे काहीच नव्हते.

पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले. निरोप पोचविणारे सैनिक मोटारसायकलवरून, हवाई हल्ल्याच्या भीतीने काळोख केलेल्या रस्त्यांवरून धावू लागले आणि शत्रूच्या गोळीवाचूनच मरू लागले. केर्न्स यांनी ऑक्सफर्ड येथे या जखमींचा अभ्यास मांडला. १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांनी दाखविले की, युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांच्या मागे बसणारे रस्त्यावर मेले; युद्धापूर्वीच्या तेवढ्याच काळापेक्षा हा आकडा २१ टक्क्यांनी अधिक होता. शिरस्त्राण घातलेले जखमी त्यांना त्या वेळी अवघे सात सापडले. त्यांतला एकही दगावला नव्हता. सात हा आकडा लहान खरा. परंतु त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. १९४६ साली केर्न्स यांनी पुन्हा लेख लिहून त्यानंतर मृत्यू कसे उतरत गेले ते नोंदविले. नागरिकांसाठी ब्रिटनमध्ये हा कायदा व्हावयास १९७३ साल उजाडावे लागले. केर्न्स १९५२ मध्येच निवर्तले होते.

शिरस्त्राण करते तरी काय? पुष्कळांची समजूत अशी असते की, ते कवटी फुटू देत नाही, एवढेच. केर्न्स यांच्याबरोबर काम करणारे पदार्थशास्त्रज्ञ होलबर्न यांनी १९४३ साली जिलेटिनचा मेंदू करून तो कवटीच्या आकाराच्या साच्यात बसविला आणि हिसके देऊन पाहिले. डोके एकाएकी गरकन वळले म्हणजे आतला मऊ गोळा मागे रेंगाळतो, त्यात पीळ पडतो आणि तंतू ताणले जातात, असे त्यांना दिसले. म्हणजे कवटी शाबूत राहूनही मेंदूचा नाश होऊ शकतो. चांगल्या शिरस्त्राणाचे बाहेरचे कवच धक्का पसरविते आणि आतला दाबला जाणारा थर डोके थांबण्याचा अवधी काही सहस्रांश सेकंदांनी लांबवितो. त्या काही सहस्रांशांतच सारे आहे. हा थर एकदा जोराने दबला की पुन्हा फुगत नाही. म्हणून अपघात झालेले हेल्मेट वरून धड दिसले तरी टाकून द्यावे लागते. हनुवटीखालचा पट्टा न बांधलेले हेल्मेट डोके जमिनीला लागण्यापूर्वीच निघून जाते. आणि उधन्याहून सचिनकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोपराला अडकवून नेलेले हेल्मेट, फार तर, कोपराचे रक्षण करीत असावे!

जगभरच्या पाहण्यांचा एकत्र आढावा २००८ साली घेण्यात आला, तेव्हा हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे आढळले. एवढा गुण एखाद्या गोळीत असता तर तिच्यासाठी रांगा लागल्या असत्या. भारतात मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमाने चालविणारा व मागे बसणारा या दोघांवरही हेल्मेटचे बंधन आहे. गुजरात शासनाने डिसेंबर २०१९ मध्ये शहरांच्या हद्दीत ही सक्ती सैल केली होती. तो निर्णय टिकला नाही.

आघात होऊन गेल्यावर काय? मेंदूची हानी एकदाच होत नाही. पहिली हानी आदळण्याच्या क्षणी होते. दुसरी त्यानंतरच्या तासांत आणि दिवसांत. मेंदू सुजतो, पण कवटीची पेटी वाढत नाही. आतला दाब चढतो आणि जखमेतून वाचलेल्या भागाचेही रक्त तुटते. म्हणून अपघातस्थळी श्वासाचा मार्ग मोकळा राखणे, रक्तस्राव थांबविणे आणि रक्तदाब पडू न देणे ही मेंदूचीच शुश्रूषा होय. सूज उतरावी म्हणून सुमारे तीस वर्षे अनेक डॉक्टर अशा रुग्णांना स्टेरॉइड देत आले. तर्क चोख होता. अखेर १०,००८ रुग्णांवर त्याची कसोटी घेण्यात आली. २००४ साली निष्पन्न झाले ते असे की, दोन आठवड्यांत औषध घेतलेल्यांपैकी २१.१ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी १७.९ टक्के दगावले. औषध वाचवीत नव्हते, मारीत होते. मेंदूच्या राखणीत चोख तर्काला किती मान द्यावा, हे या एका उदाहरणावरून ठरवावे.

पक्षाघाताची गोष्ट वरवर निराळी दिसते. तेथे बाहेरून काही आदळत नाही. बहुतेक वेळा मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत गुठळी अडकते. काही वेळा धमनी फुटते. पण पेशीच्या दृष्टीने परिणाम तोच, उपासमार. लंडनचे शल्यविशारद लिंडसे सायमन आणि त्यांचे सहकारी यांनी १९७०च्या दशकात बबून जातीच्या माकडांवर प्रयोग करून या उपासमारीचे टप्पे मोजले. दर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटास सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते. ते २०च्या खाली उतरले की पेशी मुकी होते, तिचे विद्युत्-संदेश थांबतात. पण ती मरत नाही. १०च्या आसपास आले की मात्र तिच्या भिंतीवरील पहारा ढासळतो आणि ती मरणपंथास लागते. म्हणजे मृत गाभ्याभोवती मुक्या, तरीही जिवंत पेशींचे एक वलय असते. ग्रहणात दाट सावलीभोवती जी फिकट सावली पडते तिला उपच्छाया म्हणतात. शास्त्रज्ञांनी या वलयाला तेच नाव दिले. रुग्णाचा लुळा पडलेला हात हा पूर्णपणे गमावलेला हात नसतो, ही आशा या उपच्छायेत आहे. मात्र ती मिनिटागणिक आक्रसत जाते. मोठ्या धमनीच्या अडथळ्यात दर मिनिटास सरासरी १९ लक्ष मज्जापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला.

मुक्या पेशींना औषध देऊन तगवता येईल काय? या प्रश्नाने दोन पिढ्यांना झुलविले आहे. २००६ पर्यंत प्रयोगात आलेल्या उपायांची एका आढाव्यात गणना झाली तेव्हा ती १,०२६ भरली. त्यांतील जे उपाय उंदरांना तारीत होते ते माणसाला तारीनात. तरीही टोरांटोचे शल्यविशारद मायकेल टिमियान्स्की यांनी आपला धागा सोडला नाही. रक्त तुटलेली पेशी ग्लुटामेट नावाचे द्रव्य अतोनात ओतते. त्याने शेजारच्या पेशींची दारे उघडतात, कॅल्शियम आत लोटते आणि विषारी वायू तयार करणारे यंत्र सुरू होते. पूर्वीची औषधे ती दारेच बंद करू पाहत. पण त्याच दारांतून मेंदूचे नित्याचे व्यवहारही चालतात. टिमियान्स्की यांनी दार उघडे ठेवून, दार आणि ते घातक यंत्र यांना जोडणारा ‘पीएसडी-९५’ नावाचा दुवा तेवढा तोडण्याची युक्ती काढली. त्यासाठी बनविलेल्या अवघ्या वीस घटकांच्या साखळीत, पेशीत शिरण्याची किल्ली म्हणून एड्सच्या विषाणूतील एक तुकडा, निरुपद्रवी करून, वापरला होता. २००२ साली उंदरांत आणि २०१२ साली माकडांत ही युक्ती फळली. त्याच वर्षी १८५ माणसांवर, धमनीच्या फुग्यावर उपचार करताना, ती वापरली तेव्हा मेंदूतील बारीक इजांची संख्या घटली.

मग २०२० साली खरी परीक्षा झाली. गुठळी यंत्राने ओढून काढलेल्या १,१०५ रुग्णांपैकी औषध घेतलेले ६१.४ टक्के आणि न घेतलेले ५९.२ टक्के स्वावलंबी झाले. हा फरक धरण्याजोगा नव्हता. गुठळी विरघळविणारे नेहमीचे औषध या नव्या साखळीचे तुकडे पाडते, असे ध्यानात आले. ते न दिलेल्या रुग्णांत ५९.३ विरुद्ध ४९.८ असा आशादायक आकडाही निघाला. परंतु परीक्षा झाल्यावर शोधलेला आकडा हा पुरावा नव्हे, इशारा होय. नंतर रुग्णवाहिकेतच हे औषध देऊन पाहिले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीतही सर्व रुग्ण मिळून लाभ दिसला नाही. या मार्गाचा शेवट कोठे होईल हे सांगणे धाडसाचे ठरेल.

तोवर उपच्छायेतील पेशींना हवे ते रक्तच. गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा गुण १९९५ साली पहिल्या तीन तासांपुरता सिद्ध झाला. २००८ मध्ये ती मुदत साडेचार तासांवर गेली. मांडीतून तार नेऊन मोठ्या धमनीतील गुठळी ओढून काढण्याची क्रिया २०१५च्या चाचण्यांनी प्रस्थापित केली आणि २०१८ मध्ये निवडक रुग्णांत ती चोवीस तासांपर्यंत उपयोगी ठरली. पण त्याआधी मेंदूचे छायाचित्र घ्यावेच लागते, कारण गुठळी आणि रक्तस्राव बाहेरून ओळखता येत नाहीत आणि एकावरचे औषध दुसऱ्यात प्राणघातक ठरते. याच कारणास्तव घरी रक्त पातळ करणारी गोळी देऊ नये. घास वा पाणीही देऊ नये, ते श्वासनलिकेत उतरते.

उधन्याहून ताप्तीच्या खोऱ्यातील लोहमार्ग खानदेशाकडे फुटतो. लकवा भरला की रुग्णाला गावाकडच्या जाणत्याकडे न्यावे, मर्दन करवावे, असे घरातील वडीलधाऱ्यांस वाटणे स्वाभाविक आहे. पण गाडी नंदुरबारला पोचेपर्यंत सुमारे तीन तास होतात, आणि ते तीन तास नेमके कोणते हे वर आलेच आहे. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, यांपैकी एकही लक्षण अकस्मात दिसले की १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून, छायाचित्राची सोय असलेल्या सुरतेतीलच मोठ्या रुग्णालयात नेण्यास सांगावे. मिनिटभरात सारे ओसरले तरी न्यावेच. तो पुढच्या झटक्याचा निरोप असू शकतो.

रुग्णालयात गेल्यावर डॉक्टर आरंभीच विचारतात तो प्रश्न असा : हा मनुष्य शेवटी ठीक केव्हा होता? झटका केव्हा लक्षात आला हे त्यांना नको असते. रात्रपाळी करून सकाळी सात वाजता निजलेला आणि दुपारी दोन वाजता लुळा हात घेऊन उठलेला मनुष्य सातपासून मोजला जातो. पूर्वी अशा रुग्णाला मुदत संपली म्हणून परत पाठवीत. २०१८ सालच्या एका चाचणीत चुंबकीय छायाचित्रावरून उपच्छाया शिल्लक असल्याचे ओळखून अशा निद्रितांपैकी काहींना औषध देता येते, असे सिद्ध झाले. तेव्हा उठल्यावर प्रकार कळला असला तरी तत्काळ निघावे आणि निजण्याची वेळ कागदावर लिहून बरोबर न्यावी.