प्राथमिक वर्गातील संगणक : बडोद्याचा प्रयोग

बडोद्याच्या महापालिका शाळांत २००२ ते २००४ या काळात चौथीची दोन-दोन मुले एका संगणकावर आठवड्यातून दोन तास गणिताचे खेळ खेळत. उत्तरे जमू लागली की उदाहरणे अवघड होत, एरवी सोपी राहत. दुसऱ्या वर्षाअखेर, हे साधन न लाभलेल्या शाळांच्या तुलनेने, त्यांचे गणिताचे गुण ०·४७ प्रमाण विचलनाने अधिक भरले. भाषेत फरक पडला नाही. तो अपेक्षितही नव्हता. पेरू देशात लॅपटॉप वाटूनही गणित सुधारले नाही. तेव्हा श्रेय यंत्राचे नसून मुलाच्या पायरीला जुळणाऱ्या उदाहरणांचे मानावे लागते. अ‍ॅपची पारखही याच कसोटीवर करावयास हवी. मात्र बडोद्यातील लाभ, कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरातच, सुमारे ०·१० पर्यंत उतरला.