सुपारी खिळीजवळ धरायची

स्वारगेटला उतरलेल्या माणसाकडे परतीच्या गाडीपर्यंत तीन तास असतील, तर त्यानं जावं कुठे? संपादकांनी विचारलं आणि मी सवयीनं सारसबाग म्हणाले. “ते सगळ्यांना माहीत आहे,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्याच आठवड्यात वाईची मावशी कवळी दाखवायला पुण्याला यायची होती. सकाळी साडेअकराला दंतवैद्याचं काम उरकलं, वाईची गाडी साडेचारची. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे तिच्याच शब्दांत ‘संपावर’. तिला घेऊन मी केळकर म्युझियमला निघाले.

पाटीवर नाव ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ असलं तरी रिक्षावाल्याला केळकर म्युझियमच सांगावं लागतं. जेधे चौकातून सारसबाग, सणस मैदान, मग टिळक रस्ता ओलांडून बाजीराव रस्त्यानं शुक्रवार पेठेत, नातूबागेत. धडधाकट माणसाला पंधरा-वीस मिनिटांची वाट. सप्टेंबर 2024 पासून भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आहे, पण संग्रहालय स्वारगेट आणि मंडई या दोन स्थानकांच्या मध्ये पडतं. कुठेही उतरलात तरी पाय चालवावे लागतातच.

पुण्याचा इतिहास एका छपराखाली पाहायचा तर पंचाईत आहे. कागदपत्रं भारत इतिहास संशोधक मंडळात, पेशव्यांच्या वस्तू पर्वतीवर, बाकीचं ज्याच्या त्याच्या माळ्यावर. चित्रं आणि गावाचा जुना संसार एकत्र दाखवणारी जागा म्हणाल तर ही नातूबागेतलीच. इथे लढाया जवळजवळ नाहीत, इथे स्वयंपाकघर आहे. मुंबईच्या किंवा लंडनच्या मोठ्या संग्रहालयांत राजांची दालनं पाहून दबून गेलेल्या माणसाला इथे पहिल्या दहा मिनिटांत वाटतं, अरे, हे तर आमच्याकडेही होतं.

अधिकृत इतिहास थोडक्यात असा. दिनकर गंगाधर केळकर, जन्म 1896. कविता लिहायचे ‘अज्ञातवासी’ या नावानं, पोटासाठी चष्म्याचं दुकान. (चष्मेवाला आणि नजर यांवरची कोटी इतक्या जणांनी केली असेल की मी ती करत नाही.) 1920च्या आसपास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. सरदारांचे वाडे मोडत होते, तांब्या-पितळेचे कारागीर मागे पडत होते, आणि घरोघरची भांडी वजनाच्या भावानं मोडीत चालली होती. केळकर, म्हणजे सगळ्यांचे काकासाहेब, गावोगाव हिंडले. पत्नी कमलाबाईंनी या नादाला साथ दिली, आणि तो नाद किती पैसे खात होता हे ध्यानात घेतलं तर ‘साथ’ हा शब्द फार सौम्य आहे. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालय त्याच्या नावानं आहे. 1975 साली काकासाहेबांनी सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. 1980 साली पद्मश्री मिळाली, 1990 साली ते गेले.

वस्तू वीस हजारांच्या वर. मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास. हा हिशेब डोक्यात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

बहुतेक पाहुणे मस्तानी महालासाठी येतात. पहिल्या बाजीरावानं मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेष काकासाहेबांनी आणले आणि इथे ते दालन पुन्हा उभं केलं. मस्तानीवरचा सिनेमा आल्यापासून तिथे गर्दी जास्तच असते. मावशीनं आत डोकावून “छान आहे” म्हटलं आणि पुढे निघाली. ती थांबली ती अडकित्त्यांपाशी.

अडकित्ते म्हणजे किती प्रकारचे! पितळी, लोखंडी, चांदीचं काम केलेले. पोपट, मोर, घोडेस्वार. स्त्री-पुरुषांची जोडी असलेला अडकित्ता मिटला की दोघं एकमेकांच्या मिठीत येतात. शाळेच्या सहली तिथून जरा घाईनं पुढे नेत असतील असा माझा अंदाज आहे. काहींना घुंगरू, म्हणजे सुपारी कातरतानाही नाद व्हावा. मी या सगळ्या नक्षीत गुंतलेली असताना मावशी मात्र काचेला नाक लावून पाहत होती ते पात्याच्या कडेकडे.

“हा वापरातला आहे,” ती म्हणाली. “आणि हा नुसता मिरवायचा.”

कसं कळलं? तिनं दाखवलं. पितळेला धार टिकत नाही, म्हणून अंग पितळेचं असलं तरी पातं लोखंडाचं बसवतात. वापरातल्या अडकित्त्याचं पातं परत परत धार लावून झिजतं, त्याची कड किंचित खोलगट होते. आणि ती झीज टोकाकडे नसते, दोन्ही दांड्या जिथे खिळीनं जोडल्या आहेत तिच्या जवळ असते.

“सुपारी खिळीजवळ धरायची. टोकाला धरली की उडते आणि मामंजींच्या पुढ्यात पडते.”

शाळेत तरफेचे प्रकार मी पाठ केले होते. टेकू, भार, बल, आणि दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण म्हणून अडकित्ता. भार टेकूच्या जितका जवळ, तितकं हाताला सोपं. दोन मार्कांसाठी लिहिलेलं ते उत्तर मला पहिल्यांदा कळलं ते काचेबाहेर मावशीची बोटं पाहून. उजव्या हाताची मूठ मिटत होती आणि डाव्या हाताची दोन बोटं नसलेली सुपारी फिरवत होती. आधी दोन फाका, मग फाकेचे काप, मग बारीक खांडं. म्हाताऱ्या माणसांसाठी त्याहून बारीक, किंवा सरळ खलबत्त्यात. कवळीवर जीभ फिरवत ती म्हणाली, “आता मला खलातलीच.”

पुढचं सगळं तिनं न विचारता सांगितलं. पानाचा डबा बैठकीचा, चंची प्रवासाची आणि शेतावरची. चुनाळ्याचं झाकण घट्ट हवं, नाहीतर चुना वाळतो. लग्न ठरलं की सुपारी फोडायची, आणि ती फुटली की शब्द फिरवायचा नाही. मी मनात म्हटलं, आता ‘सुपारी’ पेपरात येते ती खुनाच्या बातमीत.

तेवढ्यात कॉलेजातली चार मुलं शेजारी येऊन उभी राहिली होती. त्यांतल्या एकीनं पुढच्या कपाटाकडे बोट दाखवत मावशीलाच विचारलं, “आजी, हा दागिन्यांचा डबा का?”

फणेरपेटी होती ती. उघडली की झाकणाच्या आत आरसा, खाली खण. फणी, कुंकू, काजळ. मावशीनं एका छोट्या डबीकडे बोट केलं. “यात काय असायचं सांग बघू?”

कुणालाच सांगता आलं नाही. मलाही नाही.

“मेण. अगं, कुंकू कोरडं असतं. नुसतं लावलं तर दहा मिनिटांत नाकावर येतं. आधी मेणाचं बोट टेकवायचं, गोल नीट करायचा, मग त्यावर कुंकू. टिकली आल्यावर मेण गेलं.”

मुलीनं मोबाइल काढून फणेरपेटीचा नाही, मावशीचा फोटो काढला. मावशीनं पदर सावरला. मग वज्रीकडे मोर्चा. अंघोळीच्या वेळी टाचा घासायची ही पितळी वस्तू. तळाला खरखरीत खाचा, वर पकडायला मोर किंवा हत्ती किंवा आणखी काही. टाच घासायच्या वस्तूवर मोर कशासाठी? केळकरांचा संग्रह पाहताना हा प्रश्न सारखा पडतो. कडी, कुलूप, दौत, झारा, किसणी, सगळ्यांवर कुणीतरी काहीतरी कोरून ठेवलं आहे आणि एकावरही कारागिराचं नाव नाही. स्वतःला ‘अज्ञातवासी’ म्हणवणाऱ्या माणसानं हे हेरलं असेल.

चित्रांच्या बाजूला आम्ही घाईनं गेलो, आणि ती माझी चूक. चित्रकथीच्या पोथ्यांतली चित्रं इथल्या संग्रहाची खरी श्रीमंती आहेत. अभ्यासक त्यांना पैठणी चित्रं म्हणतात. ठळक रेघ, मोठे डोळे, रामायण-महाभारतातले प्रसंग, एकेका कागदावर एकेक. चित्रकथी ती समोर धरून गोष्ट सांगायचा, गायचा. म्हणजे चौकटीत घालून भिंतीवर लावायला ती काढलेलीच नव्हती. सावल्यांच्या खेळातल्या चामड्याच्या बाहुल्यांचंही तसंच. त्यांना मागे दिवा हवा, पुढे पडदा हवा आणि हलवणारा हात हवा. काचेमागे त्या नुसत्या पडून असतात.

आणि इथे मला ते जाणवलं, ज्यामुळे हा लेख मी ठरवला होता त्यापेक्षा वेगळा होतो आहे.

काकासाहेबांनी वस्तू वाचवल्या, हे काम झालं. पण अडकित्ता हे फक्त पितळ आणि लोखंड नाही, सुपारी कुठे धरायची हेही त्यातच येतं. संग्रहालयाच्या पाटीवर, कुठल्याही संग्रहालयाच्या, मावतं किती? नाव, धातू, शतक, गाव. मेणाचं बोट त्यात मावत नाही. ज्यांच्या हातांना ते माहीत आहे त्यांचे गुडघे संपावर आहेत. तीन मजले, चाळीसच्या वर दालनं. मावशीनं एक जिना चढला, दुसऱ्याच्या पायथ्याशी बसकण मारली आणि म्हणाली, “तू बघून ये, मला सांग.” उलटं व्हायला हवं होतं. वर मी पाहत होते, आणि सांगणारं माणूस खाली बसलं होतं.

मग त्या हिशेबाकडे येऊ. वीस हजारांतल्या अडीच हजार, म्हणजे आठांतली एक. जगातल्या बहुतेक संग्रहालयांची बरीचशी मालमत्ता कोठीतच असते, त्यात लाज नाही. पण या वस्तू फार वेगवेगळ्या स्वभावाच्या आहेत. दमट हवेत पितळेवर जंगाल चढतं, लोखंड गंजतं, लाकडाला भुंगा लागतो, कागद पिवळा पडतो, चामडं पावसाळ्यात ओलं आणि उन्हाळ्यात ताठ. पेठेतल्या एका वाड्यात या सगळ्यांना मानवेल अशी हवा एकाच वेळी राखायची कशी? मोठी जागा हवी हे सगळ्यांना मान्य आहे. त्यासाठी शासनानं बावधनला जमीनही दिली. तिथल्या ‘म्युझियम सिटी’च्या बातम्या पुणेकर वर्षानुवर्षं वाचत आला आहे. तेवढ्या काळात आमच्या स्वारगेटच्या पोटातून मेट्रो निघाली.

राखण्याबद्दल मावशीचं मत वेगळं होतं. काळवंडलेली एक समई पाहून ती अस्वस्थ झाली. “चिंच आणि मीठ लावून घासली तर लख्ख होईल. मला दिली तर मी देईन करून.” तिला सांगावं लागलं की संग्रहालयात असं घासत नाहीत. प्रत्येक घासण्यात धातूचा एक थर जातो, नक्षीच्या कडा बोथट होतात, आणि वस्तू कुणी कशी वापरली याच्या खुणाही पुसल्या जातात. ती क्षणभर विचारात पडली. “म्हणजे आमच्या घरातली समई मी पन्नास वर्षं घासून घासून संपवत आणली म्हणायची.”

मला वाटतं, संग्रहालयात ठेवलेल्या समईचा आणि घरातल्या समईचा फरक याहून नीट कुणी सांगितला नसता.

सव्वातीन वाजले तेव्हा दिव्यांचं बरंच पाहायचं राहिलं होतं, आणि काकासाहेबांना दिव्यांचं वेड सगळ्यांत जास्त. भारतीय दिव्यांवर त्यांचं इंग्रजी पुस्तक आहे, केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागानं ते 1961 साली काढलं. वाद्यं राहिली. दरवाजे राहिले. रिक्षात मावशीनं विचारलं, “दिवे कसले कसले आहेत?” मी जेवढे पाहिले तेवढे सांगितले, आणि तिनं त्यातल्या दोन दिव्यांची मला ठाऊक नसलेली नावं सांगितली. ती मी वहीत लिहून घेतली.

तर संपादकांच्या प्रश्नाचं उत्तर. तीन तास पुरत नाहीत, पण जा. वेळ आधी विचारून घ्या, पहिला तास मस्तानीवर घालवू नका, आणि सोबत पंच्याहत्तरीच्या पुढचं एक माणूस न्या. त्यांचे पाय जेवढे चढतील तेवढंच बघा.

आणि दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून फणेरपेटी, वज्री किंवा अडकित्ता निघाला, तर तो मोडीत घालण्याआधी घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, तो कोण वापरायचं आणि कसा. त्यांनी सांगितलेलं कागदावर लिहा, तारीख घाला आणि चिठ्ठी त्या वस्तूतच ठेवा. मावशीनं वाईला पोचल्यावर तेच केलं. तिच्या फणेरपेटीत मेणाची डबी अजून आहे, आणि तळाशी थोडं मेणही.