तीर घडवताना (भाग ९) : आधी बांधणी, मग टोक

या आठवड्यात पिसांविषयी लिहायचे कबूल केले होते, पण पिसे आता पुढच्या भागात. काड्या सरळ करण्याचा भाग वाचून श्रीरामपूरच्या एका वाचकांनी विचारले आहे : काडी सरळ झाली, लोहाराकडून टोकही छान घडवून आणले, तरी चार-पाच नेम झाले की काडी तोंडाशी उभी चिरते, लाख कमी पडत असेल का?

लाख कमी पडत नाही. आपण सगळेच चिकटवण्यावर फार भिस्त ठेवतो आणि बांधणी शेवटी, शोभेसाठी करतो. खरे काम तिचेच आहे.

बाण पेंढ्यात घुसतो तेव्हा लोखंडी टोक आधी अडते, मागची काडी मात्र अजून पुढे रेटत असते. काडीत बसवलेली टोकाची शेपटी त्या क्षणी पाचर होते आणि बांबूचे उभे धागे फाकवते. बाण उपसताना उलटे घडते. टोक पेंढ्यात अडकते आणि काडी हातात येऊ पाहते. उपसतानाची ओढ लाख झेलते. घुसतानाचा रेटा लाखेच्या हाती नाही, तो आवळून बसलेल्या वेढ्यांनीच थोपवायचा. आपल्याकडे खुरप्याच्या मुठीला पुढे लोखंडी शेंबी असते ती याचसाठी; शेंबी नसलेल्या मुठीत शेपटी ठोकून पाहा, लाकूड तडकलेच म्हणून समजा. बाणाला शेंबी जड होते, म्हणून तिथे दोरा.

तेव्हा क्रम असा ठेवा. भरीव मानवेलीची काडी घ्या आणि जाड बाजू पुढे करा. तोंड गाठीच्या पुढे दोन बोटे राहील असे कापा, म्हणजे चीर गेलीच तर गाठीपाशी अडेल. तोंड अगदी काटकोनात घासा. शेपटीचा खांदा सगळीकडून टेकला पाहिजे. एका कडेवर टेकला तर सगळा मार त्याच कडेला बसतो. आता भोक पाडण्याआधीच दोऱ्याचे घट्ट वेढे घाला, शेपटी जिथवर जाणार त्याच्याही थोडे मागेपर्यंत. मग तापवलेल्या दाभणाने मधोमध वाट करा. दाभण लालभडक नको, नाहीतर भोवतीचे लाकूड कोळसा होते आणि कोळशाला काही धरून राहत नाही. थोडे जाळा, राख झटका, पुन्हा जाळा. शेपटी हाताच्या दाबाने पाऊणपर्यंत गेली की थांबा. नुसती लाख ठिसूळ असते, म्हणून तिच्यात विटेची वस्त्रगाळ भुकटी आणि किंचित मेण मिसळा. मिश्रण वितळवून भोकात सोडा, शेपटी गरम करून फिरवत आत दाबा. तलवारीच्या मुठीतही पात्याची शेपटी अशाच लाखेच्या मिश्रणात बसवत. मूठ तापवली की पाते सुटते, तसे आपलेही टोक पुन्हा काढता येते. वाकडे बसले तर घाबरायचे कारण नाही. काडी काचेवर लोळवा. टोकाचे अग्र वर्तुळ काढू लागले तर तापवा, थोडे वळवा, पुन्हा लोळवा.

बांधणीला सर्वांत उत्तम जनावराच्या पायाची शीर. वाळवून, ठेचून, धागे सोलून ओले गुंडाळले की ते सुकताना आकसतात आणि आपापसांत चिकटतात. शीर नको असेल तर बांधावरच्या घायपाताचा वाख घ्या. वाख शिरेसारखा आकसत नाही, म्हणून जोर लावून आवळायचा आणि वरून पातळ लाख फिरवायची.

हल्ली विकत मिळणारी पोलादी टोके आतून पोकळ असतात. काडीचे तोंड ५ अंशांच्या उताराने निमुळते करून त्यात घालायचे. तिथे धातूच लाकडाला बाहेरून कवेत घेतो, त्यामुळे बांधणी लागत नाही.

आता माझा आवडता विषय. प्रवरेकाठी नेवाशात १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी उत्खनन केले. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन थरांत कॅल्सिडनीची बारीक पाती आणि चंद्रकोरी निघाल्या. अशा दगडाला शेपटी नसते. लाकडात खाच, खाचेत चिकट राळ आणि वरून बांधणी, एवढ्यावरच तो टिकायचा. प्रत्येक चंद्रकोर बाणाचीच असेल असे नाही, अशी पाती विळ्यातही बसवत. लाकूड, राळ, दोरा कुजून जातो आणि दगड तेवढा मागे राहतो. पण त्याच नेवाशात एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि मण्यांच्या आत दोरा शिल्लक होता! रेशीम आणि कापूस. तांब्याच्या गंजाने त्याला कुजू दिले नाही. म्हणजे बाणावर आवळता येईल इतका चांगला दोरा प्रवरेच्या काठी तीन हजार वर्षांपूर्वी होता. सांधाच बघायचा असेल तर आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या माणसाचा भाता आहे, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. चौदा काड्यांपैकी दोनच पूर्ण झालेल्या, त्यांची गारेची टोके भूर्जाच्या डांबरात बसवून दोऱ्याने आवळलेली.

सांधा नेहमी घट्टच हवा असेही नाही. भिल्लांच्या मासे मारायच्या बाणांची जुनी वर्णने आहेत. त्यांत टोक मुद्दाम सैल बसवलेले असते. ते माशात रुतले की काडीतून निसटते, पण दोन्ही लांब दोरीने जोडलेले असतात. काडी पाण्यावर तरंगत राहते आणि मासा कुठे गेला ते दाखवते.

श्रीरामपूरकरांनी चिरलेल्या काड्या टाकू नयेत. चीर गाठीपर्यंत गेली नसेल तर तेवढे तोंड कापून, वेढे घालून, तेच टोक पुन्हा बसवावे. काडी दोन-तीन बोटे आखूड होईल, म्हणून धनुष्य पूर्ण ओढल्यावर टोक मुठीच्या पुढे राहते ना, हे बाण सोडण्याआधी पाहावे.