औषध देणारा हात

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा उपयुक्त लेख द्यावा, अशी कार्यकारी मंडळाची सूचना आली, तेव्हा विषय शोधण्यास आम्हांस दूर जावे लागले नाही. आम्ही व्यवसायाने शिक्षक. मुलांना गणित आणि विज्ञान शिकविता शिकविता वीस वर्षे उलटली. वैद्यकाचा अधिकार आम्हांस नाही. तथापि संस्थेच्या शिष्यवृत्तीवर नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या बेळगावच्या मुलामुलींना औषधांच्या मात्रांचे गणित शिकविण्याचे काम गेली काही वर्षे दर रविवारी आमच्याकडे आहे, आणि त्या निमित्ताने त्यांची पुस्तके आम्हांलाही वाचावी लागली. त्या वाचनातून आणि त्या मुलांच्या सहवासातून जे शिकलो, ते येथे मांडीत आहो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याच शाळेतून पुढे नर्सिंगला गेलेली एक विद्यार्थिनी ईदच्या दुसऱ्या दिवशी भेटावयास आली. शिरखुर्म्याची वाटी तिच्या हातात तशीच राहिली. वॉर्डात एका लहान मुलाला डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचे इंजेक्शन द्यावयाचे होते. केसपेपरवर मात्रा होती ०.०५ मिलिग्रॅम. अँप्युलमध्ये दर मिलिलिटरला ०.२५ मिलिग्रॅम औषध. तिने मनातल्या मनात भागाकार केला आणि सिरिंजमध्ये २ मिलिलिटर, म्हणजे अख्खी अँप्युल, ओढून घेतली. शेजारी उभ्या असलेल्या वयस्क सिस्टरनी तिचा हात धरला. "बाळाला अख्खी अँप्युल?" एवढेच त्या म्हणाल्या. खरे उत्तर होते ०.२ मिलिलिटर. दहापट औषध जाणार होते. सुदैवाने गेले नाही.

"सर, रीत बरोबर होती. ठिपकाच चुकला," ती म्हणाली.

आमच्या मनात आले, रीत बरोबर पण दशांशचिन्ह चुकलेले, अशा उत्तराला आम्ही आजवर चारांपैकी तीन गुण देत आलो. वर्गात ते तीन गुण न्याय्यच वाटत होते. वॉर्डात मात्र अशा उत्तराला गुण नसतात.

हा ठिपका हृदयाच्या औषधांतच इतका घातक का ठरावा? कारण उघड आहे. पुष्कळशा औषधांत उपयोगाची मात्रा आणि अपायाची मात्रा यांत बरेच अंतर असते. डिगॉक्सिनसारख्या औषधात ते फार थोडे असते. हे औषध डिजिटॅलिस नावाच्या वनस्पतीपासून मिळते. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याला १७७५ साली श्रॉपशरमधील एका म्हातारीच्या गुप्त काढ्याविषयी मत विचारण्यात आले. त्या काढ्यातील वीसएक वनस्पतींतून गुणकारी कोणती, हे त्याने ओळखले आणि दहा वर्षांच्या अनुभवानंतर, १७८५ साली, त्यावर पुस्तक लिहिले. विशेष हे की, त्याने गुणांबरोबर दोषही नोंदविले: मळमळ, उलटी, वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसणे, आणि नाडी मिनिटाला ३५ पर्यंत उतरणे. दोनशे चाळीस वर्षे लोटली तरी डिगॉक्सिन अधिक झाल्याची लक्षणे म्हणून परिचारिकेला हीच शिकावी लागतात.

हे औषध हृदयाच्या आकुंचनाचा जोर वाढविते आणि वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विद्युत्‌संदेश मंद करते. मात्रा वाढली की हाच मंदपणा अतिरेकाला जातो, किंवा ठोक्यांची लय बिघडते. म्हणून ते देण्यापूर्वी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावयाचे. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणावयाचे नाही, कारण लय बिघडलेली असेल तर तो गुणाकार फसवितो. मोठ्या माणसाचे ठोके साठाच्या खाली असतील तर औषध थांबवावे आणि डॉक्टरांना कळवावे. लहान मुलांत ही मर्यादा वरची असते. ती वयाप्रमाणे विचारून घ्यावी. आपल्याकडे पुष्कळ डॉक्टर ही गोळी आठवड्यातून पाचच दिवस लिहून देतात. ते दिवस कोणते, हे रुग्णाला आणि घरच्या माणसालाही ठाऊक असले पाहिजे.

आता एक पायरी पुढे जाऊ. ज्याला डिगॉक्सिन चालू असते, त्याला बहुधा लघवी वाढविणारे लॅसिक्ससारखे औषधही असते. आपले लोक तिला 'पाण्याची गोळी' म्हणतात. या गोळीने अंगातील साठलेले पाणी जाते, पण त्याबरोबर पोटॅशियमही जाते. आणि रक्तातील पोटॅशियम उतरले की डिगॉक्सिनची नेहमीची मात्राही विषासारखी वागू लागते. म्हणजे दोन्ही गोळ्या बरोबर, दोन्ही मात्रा बरोबर, आणि तरी रुग्ण धोक्यात! म्हणून "आजोबा, जेवण जातंय का? उलटी झाली का?" हा साधा प्रश्न परिचारिकेने विचारला, तर ती केवळ विचारपूस राहत नाही, ती तपासणीच होय.

गेलेले पोटॅशियम भरून काढण्याचे औषध तर अधिकच जपून हाताळावयाचे. पोटॅशियम क्लोराइडची १० मिलिलिटरची अँप्युल दिसावयास साध्या पाण्याच्या अँप्युलसारखी. ती सलाईनमध्ये नीट मिसळून, ठरविलेल्या वेगाने, हळूहळू दिली जाते. तीच सरळ शिरेत गेली तर हृदय जागच्या जागी थांबू शकते. म्हणून ती इतर अँप्युलांच्या ट्रेमध्ये कधीही ठेवू नये. तिची जागा वेगळी आणि कुलपातली असावी.

नावांचा आणि लेबलांचा घोटाळाही असाच. अमेरिकेत पोटातील आम्ल कमी करणारे एक औषध १९८९ साली 'लोसेक' या नावाने विक्रीस आले. घाईच्या अक्षरात ते 'लॅसिक्स' असे वाचले जाऊ लागले, तेव्हा १९९० साली कंपनीला तेथे त्याचे नावच बदलावे लागले. पुढे २००६ साली त्याच देशातील इंडियानापोलिस येथे सहा अर्भकांना रक्त गोठू न देणारे हेपॅरिन चुकीच्या शिशीतून दिले गेले. दर मिलिलिटरला १० युनिटांच्या जागी १०,००० युनिटांची, तशाच दिसणारी शिशी कपाटात येऊन पडली होती. त्यांतील तीन अर्भके दगावली. तेथील परिचारिका अडाणी नव्हत्या. रोजच्या खणातून रोजचीच शिशी घेतली, असे त्यांच्या हाताला वाटले. हाताची सवय डोळ्यांना झोपविते, हा यातील धडा आहे.

म्हणून आम्ही रविवारच्या वर्गात काही नियम फळ्यावर कायमचे लिहून ठेवले आहेत. ०.५ लिहिताना आधीचे शून्य गाळू नये, नाहीतर ठिपका पुसट झाला की पाच होतात. ५ लिहिताना पुढे ठिपका आणि शून्य लिहू नये, नाहीतर पन्नास होतात. 'युनिट' हा शब्द पुरता लिहावा. त्याचे इंग्रजी आद्याक्षर घाईत शून्यासारखे दिसते. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे, हे विसरू नये. आणि उत्तर आले की स्वतःला विचारावे, एवढ्याशा जिवाला एवढे औषध संभवते काय? त्या वयस्क सिस्टरनी कागद घेऊन भागाकार केला नव्हता. त्यांनी हाच प्रश्न विचारला होता.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, ही पाच सूत्रे प्रत्येक नर्सिंगच्या विद्यार्थ्याला पाठ असतात; दिल्यावर लगेच नोंद करणे हे सहावे. पण पाठ असणे निराळे आणि पाळणे निराळे. आपल्या वॉर्डात एका वेळी दोन-तीन पाटील सहज असतात. "आपण पाटील ना?" असे विचारले तर कमी ऐकू येणारे आजोबा कशालाही "होय" म्हणतात. म्हणून "आपलं पूर्ण नाव सांगा" असे म्हणावे आणि ते केसपेपरशी ताडून पाहावे. बेळगावचा रुग्ण मराठी बोलेल, कन्नड बोलेल, उर्दू किंवा कोंकणी बोलेल, आणि औषधाचे लेबल इंग्रजीत असेल. त्याच्या भाषेतील चार वाक्ये येणे हाही औषधाच्या सुरक्षिततेचाच भाग आहे. घरी जाताना त्याला सर्व समजावून सांगावे आणि मग त्याच्याच तोंडून ते वदवून घ्यावे. नुसत्या मान डोलावण्यावर विसंबू नये.

येथे धोका ओळखण्याचे ज्ञान कामी येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे १ कोटी ७९ लाख माणसे हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मरण पावली. हे विकार कोणाला गाठतात, याचा दीर्घ अभ्यास अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांवर सुरू झाला. उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा हृदयाशी असलेला संबंध त्यातून स्पष्ट झाला. पुढे ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखविले की, आपल्या भारतीय उपखंडातील माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा लवकर येतो. मधुमेह, तंबाखू, पोटावरील चरबी, मनाचा ताण, भाज्या-फळांचा अभाव, व्यायामाचा अभाव ही कारणे आपल्या घरोघर दिसतात. निपाणीच्या तंबाखूच्या या जिल्ह्यात "आपण विडी ओढता का?" एवढे विचारून भागत नाही, मशेरी, जर्दा आणि गुटख्याविषयीही विचारावे लागते.

हे ज्ञान असलेली परिचारिका निराळे पाहते. मधुमेही बाईला छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. नुसती धाप लागते, घाम फुटतो. ती "ॲसिडिटी असेल" म्हणून पुढे जात नाही. जिभेखालची गोळी देण्यापूर्वी ती रक्तदाब पाहते आणि रुग्णाला बसविते, कारण त्या गोळीने दाब एकाएकी उतरून माणूस कोसळू शकतो. झडप बदललेल्या रुग्णाला 'रक्त पातळ करण्याची गोळी' चालू असेल, तर हिरड्यांतून रक्त येते का, शौचास काळे होते का, हे ती विचारते, आणि दुखण्यावरची कोणतीही गोळी परस्पर घेऊ नका, असे बजावते.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तकांत थोडी आणि घरांत पुष्कळ आढळते. रमजानचे रोजे आले की आमच्या मोहल्ल्यातील वडीलधारी माणसे दुपारची गोळी आपणच बंद करतात, किंवा दोन्ही वेळच्या गोळ्या इफ्तारीला एकदम घेतात. एकादशीला आणि श्रावणात शेजारच्या घरीही हेच चालते. रक्तदाब उतरलेला दिसला की "बरे झालो" म्हणून गोळी सोडणारे तर सर्वच धर्मांत आहेत! आजाऱ्याला रोजा सोडण्याची मुभा धर्मानेच दिलेली आहे, हे खरे. पण भाविक माणसाशी वाद घालण्यापेक्षा, उपवास सुरू होण्यापूर्वीच त्याला डॉक्टरांकडे नेऊन वेळा बदलून घेणे अधिक शहाणपणाचे. हा सल्ला पांढऱ्या गणवेशातील ओळखीची मुलगी देते, तेव्हा तो ऐकला जातो.

शेवटी एक विनंती, आणि ती विद्यार्थ्यांना नव्हे, तर वडीलधाऱ्यांना आहे. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी इजा कमी करण्याची जगव्यापी मोहीम सुरू केली. अशा मोहिमेचा पाया एकच: चूक, किंवा होता होता राहिलेली चूक, निर्भयपणे सांगता आली पाहिजे. जेथे सांगणाऱ्याला अपमान मिळतो, तेथे चुका थांबत नाहीत, त्या फक्त लपतात. त्या सिस्टरनी आमच्या विद्यार्थिनीला चारचौघांत झिडकारले असते, तर ती गोष्ट आमच्यापर्यंत आली नसती आणि रविवारच्या वर्गातील तीस मुलांना त्यातून काही शिकता आले नसते.

ती मुलगी आता नोकरीस लागली आहे. धोक्याचे औषध भरले की ती शेजारणीला म्हणते, "तू तुझं गणित वेगळं कर, माझं पाहू नकोस." दोघींचे उत्तर जुळले, तरच सुई रुग्णाकडे जाते. आणि आम्हीही आमच्या परीने सुधारलो आहो. दशांशचिन्ह चुकले की आता वहीत पूर्ण शून्य देतो, मुलाला जवळ बोलावतो, आणि ते शून्य का दिले, हे सांगतो.